पशुवैद्याचे पुनरध्ययन : वाशीम जिल्ह्याच्या दृष्टीने एक आढावा

पदवी हाती आली आणि पशुवैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव दाखल झाले की पशुवैद्याचे शिक्षण संपले, अशी जी समजूत आपल्या शासनव्यवस्थेत आणि काही अंशी या व्यवसायातही रूढ झाली आहे, तिची किंमत महाविद्यालयांच्या शहरांत राहणाऱ्यांना फारशी मोजावी लागत नाही. ती मोजावी लागते मानोरा, रिसोड, मालेगाव अशा तालुक्यांतल्या दवाखान्यात एकट्याने काम करणाऱ्या पशुवैद्याला, आणि आपल्या गोठ्यातले एकुलते दुभते जनावर त्याच्या हाती सोपवणाऱ्या शेतकऱ्याला. अशा पशुवैद्याने सेवेत काही वर्षे काढल्यावर ठराविक मुदतीसाठी अध्यापन-रुग्णालयात परत यावे, तेथे त्याला अनुभवी सहकारी या नात्याने दाखल करून घ्यावे, वरिष्ठ शल्यचिकित्सकाच्या वा प्रसूतितज्ज्ञाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर त्याचा हात चालावा, आणि या काळात त्याच्या उपजीविकेची सोय असावी, ही कल्पना म्हणजेच व्यावसायिक पशुवैद्यांसाठीची अधिछात्रवृत्ती, अर्थात फेलोशिप. या कल्पनेचा इतिहास, तिची आजची गरज, उपलब्ध सोयी, अन्यत्रचे प्रघात आणि मार्गातील अडचणी यांचा वाशीम जिल्ह्यापुरता विचार येथे करावयाचा आहे. माझे प्रतिपादन एवढेच की, अशा अधिछात्रवृत्तीची कसोटी ती देणाऱ्या रुग्णालयाच्या वैभवात शोधू नये. पशुवैद्य जेथे परत जातो त्या दवाखान्यात उद्या काय होऊ लागते, हीच तिची खरी कसोटी होय, आणि तिच्या रचनेचा आरंभही त्या दवाखान्यापासूनच व्हावा.

रुग्णालय आधी, महाविद्यालय नंतर

पश्चिम भारतातील पशुवैद्यकीय शिक्षणाचा जन्मच मुळी रुग्णालयाच्या आवारात झाला, ही गोष्ट आज पुष्कळांच्या विस्मरणात गेली आहे. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दातृत्वातून आणि त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नावाने परळला जनावरांचे जे रुग्णालय उभे राहिले, त्याच रुग्णालयाच्या आश्रयाने १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि जॉन हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य झाले. विद्यार्थ्यांसाठी रोगी जमवावे लागले नाहीत. रोगी आधीपासूनच होते, त्यांच्यापाशी विद्यार्थी आले. चिकित्सा आणि अध्यापन यांचा हा सहवास हाच पुढे प्रत्येक पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या चिकित्सालयाचा आदर्श ठरावयास हवा होता.

तथापि शासनाची निकड निराळी होती. बुळकांडीच्या साथींनी गावेच्या गावे गुरांविना ओस पडत असल्यामुळे सरकारने या रोगाच्या चौकशीसाठी आयोग नेमला, १८८९ साली पुण्यास प्रयोगशाळा काढली आणि ती १८९३ साली हिमालयातील मुक्तेश्वरला हलवली. हीच संस्था पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था म्हणून नावारूपाला आली. अशा रीतीने संशोधन डोंगरावर गेले, अध्यापन शहरात राहिले आणि चिकित्सा तालुक्याच्या दवाखान्यांच्या वाट्याला आली. मुलकी पशुवैद्यक खात्याची खरी कीर्ती साथींच्या निर्मूलनात झाली, आणि ती योग्यच होती. भारतात बुळकांडीचा शेवटचा रुग्ण १९९५ साली आढळला, २००६ साली देशाला या रोगापासून मुक्त असल्याची मान्यता मिळाली आणि २०११ साली साऱ्या जगातून हा रोग नाहीसा झाल्याची घोषणा झाली. मानवाने समूळ नष्ट केलेला, देवीनंतरचा हा दुसराच रोग. परंतु या विजयाने खात्याला एक सवय लावली. टोचलेल्या जनावरांचा आकडा, कृत्रिम रेतनांचा आकडा, वाटलेल्या औषधांचा आकडा हेच कामाचे माप ठरले; अडलेली म्हैस किती वेळात आणि किती कुशलतेने सोडवली, याला दप्तरात रकाना राहिला नाही. समूहाचे आरोग्य ही शासनाची जबाबदारी झाली आणि एकेका जनावराच्या उपचारातील नैपुण्य मात्र ज्याच्या त्याच्या हौसेवर आणि नशिबावर सोपवले गेले.

वऱ्हाडाची कथा आणखी थोडी वेगळी आहे. प्राचीन वत्सगुल्म म्हणून वाकाटकांच्या राजधानीचा मान मिरवणारे वाशीम इंग्रजी अमदानीत काही काळ स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे होते. १९०५ साली तो जिल्हा मोडला आणि पुढे १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन आजचा सहा तालुक्यांचा वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. मध्यप्रांत व वऱ्हाड या जुन्या प्रांताचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ साली जबलपुरास निघाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जबलपूर मध्यप्रदेशात गेले आणि विदर्भ मुंबई राज्यात आला, तेव्हा विदर्भाला स्वतःचे महाविद्यालय उरले नाही, आणि ते १९५८ साली नागपुरास मिळाले. अकोल्यास १९६९ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले, त्याच्या छत्राखाली पशुवैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षण वाढले, आणि २००० साली नागपूर येथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ अस्तित्वात आल्यावर मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथील महाविद्यालयांप्रमाणेच अकोल्याची पदव्युत्तर संस्थाही त्या विद्यापीठाच्या अधिकाराखाली आली. वाशीमकरांच्या दृष्टीने यातील अर्थपूर्ण गोष्ट भौगोलिक आहे. अकोला-पूर्णा लोहमार्गावर वसलेल्या वाशीमच्या उत्तरेस एका टोकाला अकोल्याची पदव्युत्तर संस्था आहे, दक्षिणेस पूर्णा ओलांडली की परभणीचे महाविद्यालय आहे, आणि हा जिल्हा या दोहोंच्या मध्ये आहे. अध्यापन-रुग्णालये दूर आहेत म्हणून आपला पशुवैद्य तेथे जात नाही, असे म्हणण्यास जागा नाही. तो जात नाही, कारण त्याने तेथे परत जावे अशी कोणतीही रीतसर वाट आखलेली नाही.

कामाचे बदलते रूप

पुनरध्ययनाची गरज कशामुळे निर्माण झाली हे पाहावयाचे तर जिल्ह्यातील एका वर्षाचे ऋतुमान डोळ्यांपुढे आणावे. मृगाच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्याच्या लसी टोचून होतात न होतात तोच पाऊस सुरू होतो आणि कोवळ्या ज्वारीच्या पोंग्यांनी किराळ लागलेली जनावरे येऊ लागतात; पाठोपाठ माशा, डास आणि गोचिडांच्या वाढीबरोबर तिवा, गोचीडताप आणि लम्पी त्वचारोग यांचा काळ येतो; आश्विन-कार्तिकात सोयाबीनच्या सुड्या लागल्या की राशीला तोंड लागलेले जनावर पोटातील आम्लता वाढून काही तासांत आडवे पडते; याच सुमारास म्हशींच्या विण्याचा हंगाम भरात असतो आणि गर्भाशयाला पीळ पडलेली म्हैस रात्री-अपरात्री पशुवैद्याला हाक घालते. या प्रत्येक प्रसंगी औषधाच्या नावापेक्षा निदानाची शिताफी आणि हाताचे कसब मोलाचे असते. गर्भाशयाचा पीळ योनिमार्गातून हाताने चाचपून कोणत्या बाजूला आहे हे ओळखणे, पोटावर फळी ठेवून म्हशीला त्याच दिशेने लोळवून तो सोडवणे, आणि तो सुटत नाही असे दिसताच वेळ न दवडता पोट फाडून वासरू काढण्याचा निर्णय घेणे, या तीन पायऱ्या पुस्तकात एका पानात मावतात. पण त्या प्रत्यक्ष साधण्यास ज्याने असे अनेक प्रसंग हाताळले आहेत त्याच्या शेजारी उभे राहावे लागते. जितका वेळ जाईल तितकी वासराची आशा मावळते आणि पुढे म्हशीचीही.

तार, खिळा किंवा सुई चाऱ्याबरोबर पोटात जाऊन जठराच्या दुसऱ्या कप्प्यातून थेट हृदयावरणापर्यंत पोहोचणे, पांढऱ्या बैलांना होणारा शिंगाचा कर्करोग, व्याल्यावर जार न पडणे, मायांग बाहेर येणे, कासदाह, गाय वारंवार उलटणे, या सर्वांविषयी हेच म्हणता येईल. शिंगाच्या कर्करोगात रोग आरंभी ओळखला आणि शिंग मुळापासून काढले तर बैल पुन्हा जू घेतो; उशीर झाला तर रोग कवटीत उतरतो. निदान कोणत्या दिवशी झाले यावर येथे एका कुटुंबाच्या पेरणीचे भवितव्य अवलंबून असते.

शिवाय ज्या जनावरांसाठी पशुवैद्य शिकला, ती जनावरेच बदलत आहेत. २०१९ च्या पशुगणनेत देशातील गोवंशातल्या नरांची संख्या आधीच्या गणनेच्या मानाने सुमारे तीस टक्क्यांनी घटलेली आढळली. ट्रॅक्टर आला, बैल कमी झाला, आणि भूमिहीन व अल्पभूधारक घरांत शेळीचे महत्त्व वाढले. बैलाच्या खांद्याची सूज आणि लंगडणे यांत मुरलेल्या पशुवैद्याला आता शेळ्यांच्या कळपात शिरलेला आंत्रविषार, पीपीआर आणि जंतांची औषधांना दाद न देण्याची प्रवृत्ती यांचा विचार करावा लागतो. संकरित गाईचा दुग्धज्वर आणि व्याल्यानंतरची चयापचयाची विकृती हा त्याच्यासाठी नवा प्रांत आहे.

ज्ञानही स्थिर राहिलेले नाही. गिधाडांच्या ऱ्हासाचे कारण डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक असल्याचे निष्पन्न झाल्यावर २००६ साली ते जनावरांसाठी वर्ज्य ठरले, आणि वर्षानुवर्षे ज्या औषधावर भिस्त ठेवली ते सोडून दुसरे हाताळण्याची वेळ प्रत्येक दवाखान्यावर आली. लम्पी त्वचारोग भारतात २०१९ साली ओडिशात प्रथम नोंदला गेला आणि २०२२ साली त्याने महाराष्ट्रात थैमान घातले. येथे येण्यापूर्वी हा रोग प्रत्यक्ष पाहिलेला पशुवैद्य विदर्भात अपवादानेच सापडला असता, आणि तरीही शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचण्यापासून गाठी फुटून झालेल्या जखमांच्या शुश्रूषेपर्यंत सर्व काही येथील पशुवैद्यांनाच उभ्या पायावर शिकावे लागले. सांसर्गिक गर्भपाताविरुद्ध चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व वगारी टोचण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ पासून सुरू आहे; हा रोग माणसालाही होत असल्याने जार काढणाऱ्या पशुवैद्याच्या स्वतःच्या प्रकृतीचाही तो प्रश्न आहे. वीस वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्या मनुष्याने हे सारे केवळ परिपत्रके वाचून आत्मसात करावे, अशी अपेक्षा करणे न्याय्य नव्हे.

आजच्या सोयी आणि त्यांची मर्यादा

आपल्याकडे काहीच सोय नाही, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ साली संमत झाला, त्यान्वये व्यवसायाची नोंदणी आणि शिक्षणाची किमान मानके ठरली, आणि २०१६ च्या मानकांनी पदवीच्या साडेपाच वर्षांत एका वर्षाची आंतरवासिता अनिवार्य केली. महाविद्यालयांची चिकित्सालये अध्यापनाचा अविभाज्य भाग मानली गेली. यामुळे नव्याने बाहेर पडणाऱ्या पदवीधराचा हात आधीच्या पिढीपेक्षा अधिक सरावलेला असतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु या सर्व तरतुदी व्यवसायात प्रवेश करण्यापूर्वीच्या आहेत.

प्रवेशानंतरचे मार्ग मोजके आहेत. पहिला पदव्युत्तर पदवीचा. त्याला पूर्ण दोन वर्षे लागतात, प्रबंध लिहावा लागतो, आणि त्याचा रोख संशोधनाकडे असतो. सेवेत असलेल्याला अध्ययन रजेचे नियम आहेत, पण ज्या दवाखान्यात दुसरा पशुवैद्य नाही तेथील अधिकाऱ्याची दोन वर्षांची रजा मंजूर करताना कोणत्याही वरिष्ठाची लेखणी अडखळते. दुसरा मार्ग भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या पदविकांचा. त्या उपयुक्त आहेत, परंतु त्यांसाठी बरेलीजवळच्या इज्जतनगरात दीर्घकाळ राहावे लागते. तिसरा भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या शिष्यवृत्त्यांचा आणि अध्यापकांच्या प्रगत प्रशिक्षण केंद्रांचा. यातील शिष्यवृत्त्या तरुण संशोधकासाठी आहेत आणि केंद्रे शिक्षकांसाठी. चौथा मार्ग खात्याच्या दोन-चार दिवसांच्या प्रशिक्षणवर्गांचा, ज्यात व्याख्याने ऐकावयास मिळतात आणि हजेरीचे प्रमाणपत्र मिळते, पण हातात चाकू क्वचितच येतो. औषधकंपन्यांच्या खर्चाने होणारी चर्चासत्रे ही पाचवी वाट; तेथे जे शिकवले जाते ते बहुधा जे विकावयाचे आहे त्याच्या आसपासचे असते.

या यादीकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते की, जो संशोधन करतो त्याला वृत्ती आहे, जो शिकवतो त्याला प्रशिक्षण आहे, जो अद्याप विद्यार्थी आहे त्याला विद्यावेतन आहे. आणि जो रोज दहा गावांतील जनावरांवर उपचार करतो त्याला मात्र यांपैकी काहीही नाही. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली पाच हजार गुरांमागे एक पशुवैद्य असावा अशी शिफारस केली, तेव्हापासून आपली सारी चर्चा संख्येभोवती फिरली. संख्या अवश्य हवी. पण त्या एका पशुवैद्याच्या अंगी विसाव्या वर्षी काय कौशल्य असावे, हा प्रश्न संख्येने सुटत नाही.

अन्यत्रचे प्रघात

विद्वानाला उपजीविकेच्या चिंतेतून काही काळ मोकळे करावे हा विचार महाराष्ट्राला अपरिचित नाही. पेशव्यांच्या दक्षिणेच्या रकमेतून इंग्रजी अमदानीत निघालेल्या दक्षिणा फेलोशिपवर आपल्याकडच्या अनेक नामवंतांचे आरंभीचे अध्ययन झाले. मानवी वैद्यकात तर व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरला उद्देशून पदविका व फेलोशिप देण्याची प्रथा मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स या १९१२ साली स्थापन झालेल्या संस्थेने पाडली, आणि अलीकडे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने मान्यताप्राप्त रुग्णालयांत विशिष्ट विषयांचे फेलोशिप अभ्यासक्रम चालवून तिला विद्यापीठीय अधिष्ठान दिले. एकाच राज्यात माणसाच्या डॉक्टरसाठी जी वाट मळलेली आहे, ती जनावरांच्या डॉक्टरसाठी आखण्यास तात्त्विक आक्षेप कोणता असू शकतो?

पाश्चात्त्य देशांत पशुवैद्यकीय विशेषज्ञतेची दोन प्रतिमाने दिसतात. एक निवासी प्रशिक्षणाचे, ज्यात पदवीनंतर लगेच तीन-चार वर्षे अध्यापन-रुग्णालयातच राहून शल्यचिकित्सा वा अन्य एखाद्या शाखेचे विशेषज्ञ व्हावयाचे. युरोपात १९९६ साली स्थापन झालेले विशेषज्ञता मंडळ अशा शाखांचे नियमन करते. दुसरे प्रतिमान आपल्या प्रश्नाला अधिक जवळचे आहे. अमेरिकेत १९७८ साली मान्यता मिळालेल्या अमेरिकन बोर्ड ऑफ व्हेटरनरी प्रॅक्टिशनर्स या मंडळाने असे मानले की, अवयवागणिक विशेषज्ञ असतो तसा दुभत्या जनावरांच्या एकूण व्यवसायाचाही विशेषज्ञ असू शकतो. आणि निवासी प्रशिक्षण न घेता काही वर्षे उत्तम व्यवसाय केलेल्या पशुवैद्याला, स्वतः हाताळलेल्या रुग्णांची चिकित्सक टिपणे सादर करून आणि परीक्षा देऊन, ही मान्यता मिळवता येते. दवाखान्यातील काम हेच अध्ययनाचे द्रव्य मानण्याची ही दृष्टी आपण घ्यावी असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे विशेषज्ञसेवा वाढत नाही असे नाही. मुंबईत महालक्ष्मी येथे २०२४ साली टाटा न्यासांच्या वतीने लहान प्राण्यांसाठी सुसज्ज रुग्णालय सुरू झाले, आणि कुत्र्या-मांजरांच्या चिकित्सेत शहरांनी मोठी मजल मारली. ही प्रगती स्वागतार्ह आहे. परंतु ज्या जनावरावर घरचे दूध, मुलांचे शिक्षण आणि अडीअडचणीची पुंजी अवलंबून आहे, त्याच्या वाट्याला तितकीच कुशल सेवा यावी, ही मागणी अधिक निकडीची आहे.

अडचणी

या कल्पनेच्या वाटेतील पहिली अडचण रिक्त जागेची. दवाखान्यातून पशुवैद्य हलला की तेथे कुलूप पडण्याची धास्ती असते; पशुधन पर्यवेक्षकांना कायद्याने किरकोळ सेवांपुरतीच मुभा आहे आणि तीही पशुवैद्याच्या देखरेखीखाली. याला जोडून ऋतूची अडचण आहे. अडलेल्या म्हशी सोडवण्याचे शिक्षण घ्यावयाचे तर ज्या महिन्यांत त्या येतात त्याच महिन्यांत घ्यावे लागेल, आणि नेमक्या त्याच महिन्यांत तालुक्याला आपला पशुवैद्य दूर धाडणे सर्वांत जड जाते. शिकण्याचा आणि गरजेचा काळ एकच आहे, हा या प्रश्नाचा गाभा होय.

दुसरी अडचण स्वतः अध्यापन-रुग्णालयाची आहे. शहरातील चिकित्सालयात कुत्री-मांजरे चालत येतात. चारशे-पाचशे किलोंची, उठू न शकणारी म्हैस मंगरुळपीरहून अकोल्यास नेणे शेतकऱ्याला खर्चाचे आणि म्हशीला जिवाचे असते. परिणामी जे जनावर शिकावयाचे तेच शिकवण्याच्या जागी पुरेसे येत नाही. तिसरी अडचण खासगी आणि कंत्राटी पशुवैद्यांची आहे. त्यांना रजा नाही, वेतन नाही, आणि एका महिन्याची गैरहजेरी म्हणजे एका महिन्याच्या मिळकतीवर पाणी. चौथी अडचण मान्यतेची. परिषदेच्या अधिनियमाच्या अनुसूचीत ज्या अर्हता आहेत त्यांखेरीज मिळवलेल्या प्रमाणपत्राला बढतीत वा नेमणुकीत काय वजन, हे स्पष्ट नसेल तर उत्साही मनुष्यही दोन वेळा विचार करील. पाचवी भीती अशी की, नैपुण्य मिळवलेला पशुवैद्य तालुका सोडून पुण्या-मुंबईची वाट धरील.

यांपैकी शेवटची भीती मला सर्वांत कमी वाटते. कारण तिचे उत्तर अभ्यासक्रमाच्या घडणीतच आहे. जे यंत्र फक्त महानगरात आहे त्यावर शिकवलेला मनुष्य महानगराकडे ओढला जाणार हे उघड आहे. पण ज्याला स्थानिक बधिरता देऊन उभ्या गाईचे पोट फाडणे, तिठ्यावरच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची काचपट्टी वाचणे आणि हातात धरता येणाऱ्या सोनोग्राफी यंत्रावर गाभणपण ओळखणे शिकवले, त्याची विद्या तालुक्यातच फळते.

रचनेची दिशा

म्हणून अधिछात्रवृत्तीची आखणी पुढीलप्रमाणे असावी असे सुचवावेसे वाटते. ती सलग वर्षाची नसून एका वर्षात विभागलेल्या तीन-चार आठवड्यांच्या खंडांची असावी, आणि प्रत्येक खंड ऋतूला धरून ठेवावा: प्रसूतीचा खंड म्हशींच्या विण्याच्या हंगामात, पोटाच्या शस्त्रक्रियांचा आणि आम्लतेच्या उपचारांचा सुगीत, प्रजननाचा आणि प्रयोगशाळेतील निदानाचा उन्हाळ्यात. पशुवैद्य अकोल्यास वा परभणीस असेल त्या आठवड्यांत त्याच्या दवाखान्यात त्याच संस्थेचा शल्यचिकित्सा किंवा पशुप्रजनन विषयाचा पदव्युत्तर विद्यार्थी, जो स्वतः नोंदणीकृत पशुवैद्य असतोच, रुजू व्हावा. या अदलाबदलीने दवाखाना उघडा राहतो, आणि प्रबंधाच्या चौकटीत अडकलेल्या विद्यार्थ्याला खेड्यातला रुग्ण, शेतकऱ्याची ऐपत आणि अपुऱ्या साधनांत निर्णय घेण्याची जबाबदारी यांचा जो परिचय होतो तो कोणत्याही वर्गात होणार नाही. त्याच्या मदतीला तालुक्यातील एका अनुभवी अधिकाऱ्याची नेमणूक असावी, म्हणजे तो एकटा पडणार नाही.

रोगी रुग्णालयात येत नसतील तर रुग्णालयाने रोग्याकडे जावे. महाविद्यालयांच्या फिरत्या चिकित्सालयांचे मार्ग अधिछात्रांच्या तालुक्यांतून आखावेत. कारंजाच्या वा रिसोडच्या पशुवैद्याने कठीण रुग्ण निवडून ठेवावेत आणि प्राध्यापकाने तेथे येऊन त्याच्याच हातून शस्त्रक्रिया करून घ्यावी. असे झाले तर ज्या टेबलावर, ज्या प्रकाशात आणि ज्या सहायकाच्या मदतीने त्याला पुढे एकट्याने काम करावयाचे आहे, त्याच परिस्थितीत तो शिकेल. प्रत्येक अधिछात्राने आपल्या दवाखान्यातील उपकरणांची यादी आरंभीच द्यावी, आणि त्या यादीत जे नाही पण शिकलेल्या विद्येला जे अपरिहार्य आहे ते जिल्हा नियोजनाच्या निधीतून त्याच वर्षी पुरवण्याची हमी मंजुरीच्या हुकमातच असावी. नैपुण्य दिले आणि हत्यार दिले नाही, तर दिलेले नैपुण्य दोन पावसाळ्यांत गंजते.

परीक्षेसाठी लेखी उत्तरपत्रिकेपेक्षा रुग्णांची नोंदवही महत्त्वाची मानावी. हाताळलेल्या प्रत्येक कठीण रुग्णाचे निदान, उपचार, परिणाम आणि विशेषतः अपयशाची मीमांसा तिच्यात असावी, आणि वर्ष संपल्यावर आणखी दोन वर्षे ती विद्यापीठाकडे पाठवण्याचा दंडक असावा. अशा नोंदी साठत गेल्या तर विद्यापीठालाही वऱ्हाडातील रोगांचे जे चित्र आज कोठेच उपलब्ध नाही ते हाती येईल. शिकवणाऱ्या रुग्णालयानेही शिकावे, आणि ज्यांना ते शिकवते त्यांच्याकडूनच शिकावे, यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. जागांपैकी काही भाग खासगी, कंत्राटी आणि सेवाभावी संस्थांतील पशुवैद्यांसाठी राखून त्यांना बुडालेल्या मिळकतीची भरपाई होईल इतकी वृत्ती द्यावी. प्रमाणपत्र विद्यापीठाने द्यावे, राज्य पशुवैद्यक परिषदेने त्याची नोंद घ्यावी आणि सेवापुस्तकात ते चढवून सर्वचिकित्सालयांतील नेमणुकांत त्याला प्राधान्य द्यावे.

यासाठी नवी इमारत नको, नवे विद्यापीठ नको, फार मोठी रक्कमही नको. वाशीम हा केंद्र शासनाने आकांक्षित ठरवलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे, आणि अशा जिल्ह्यात नव्या प्रयोगाला निधी व लक्ष दोन्ही मिळणे दुर्लभ नसावे. सहा तालुक्यांतून दर वर्षी एकेक पशुवैद्य निवडला तरी पाच वर्षांत तीस कुशल हात या जिल्ह्यात उभे राहतील, आणि प्रत्येक तालुक्यात अशा पाचांपैकी कोणी ना कोणी हाकेच्या अंतरावर असेल. विद्यापीठाने आणि पशुसंवर्धन खात्याने एकत्र बसून पहिल्या सहा नावांची यादी करावी, त्यांच्या जागी जाणाऱ्या सहा विद्यार्थ्यांची नावे तिच्यासमोर लिहावीत आणि येत्या विण्याच्या हंगामापूर्वी पहिला खंड सुरू करावा. शेतकऱ्याला या कामाचा अहवाल वाचावा लागणार नाही, अडलेली म्हैस सुटली की त्याला तो मिळालेला असेल.